रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडा

बार्शीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ऑनलाइन फॉर्म हा धंदा. आणि न मागता गळ्यात पडलेला दुसरा उद्योग म्हणजे गावातले कॉम्प्युटर बघून देणं. गिऱ्हाईक पायरीवरूनच सांगतं, "ताई, मशीन हँग होतंय, रॅम टाकून द्या." रॅमच कशावरून, असं विचारलं की गप्प. अंगात कणकण आली की डॉक्टरांना "सलाईन लावा" म्हणणारी माणसं असतात ना, त्यातलाच हा प्रकार.

कधी रॅम, म्हणजे चालू काम हाताशी ठेवायची मशीनची जागा, खरंच कमी असते. पण कधी हार्डडिस्क रडत असते, कधी एखादा प्रोग्राम गळत असतो, म्हणजे घेतलेली मेमरी परतच करत नाही, आणि कधी माणसानंच आपल्या हातानं नको तेवढं ओझं टाकलेलं असतं. मी ज्या क्रमानं बघते तो क्रम इथं लिहून देते. विंडोज १० आणि ११ धरून लिहिते, कारण माझ्याकडे येतात ती बहुतेक मशीन तीच.

मागच्या उन्हाळ्यात एक निवृत्त गुरुजी लॅपटॉप घेऊन आले. ४ जीबी रॅम, विंडोज १०, आत जुनी फिरती हार्डडिस्क. गुरुजी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहितायत. वर्डमध्ये दोनशे पानं, त्यात स्कॅन केलेले जुने फोटो, क्रोममध्ये वीस-बावीस टॅब, बाजूला व्हॉट्सअॅप, आणि पुतण्यानं कधीतरी टाकून दिलेला अँटिव्हायरस. आधी एका दुकानात फॉरमॅट मारून झालं होतं. "आठ दिवस घोड्यासारखा पळाला हो, मग परत म्हातारा झाला," गुरुजी म्हणाले.

फॉरमॅटनंतर आठ दिवस पळतो त्यात जादू काही नाही. तेव्हा घर रिकामं असतं. आठ दिवसांत माणूस आपला संसार पुन्हा मांडतो आणि मशीन होतं तिथंच येतं.

म्हणून पहिली गोष्ट: तपासायला घेतलेलं मशीन रिकामं तपासू नका. मी गुरुजींना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हटलं, "घरी जसं बसता तसंच सगळं उघडा. काही लपवू नका." वर्ड, क्रोम, व्हॉट्सअॅप सगळं उघडून झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडतो, म्हणजे कोणता प्रोग्राम मशीनचं किती खातोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी. छोटीच खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' असतं, ते दाबायचं. मग 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'मेमरी'.

इथं सगळे वरचा टक्का बघतात आणि घाबरतात. "ताई, ८० टक्के भरलीय!" भरू दे की. पैसे मोजून घेतलेली रॅम रिकामी ठेवून तिची पूजा करायची आहे का? विंडोज उरलेल्या रॅममध्ये तुम्ही नेहमी उघडता त्या फाइली आधीच आणून ठेवतो. त्याचा आकडा 'कॅश्ड' या नावाखाली दिसतो. जागा लागली की तो ते क्षणात सोडून देतो. खाली जे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचायचं. गुरुजींच्या मशीनवर असं होतं:

इन यूज ३.४ जीबी, त्यातलं कॉम्प्रेस्ड साधारण ७०० एमबी. अव्हेलेबल ४२० एमबी. कमिटेड ७.६ भागिले ८.१ जीबी. डाव्या बाजूला सीपीयू, म्हणजे मशीनचा मेंदू, १४ टक्के आणि डिस्क १०० टक्के.

रोग या ओळीत आहे. 'कमिटेड' म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना मिळून विंडोजनं कबूल केलेली जागा. पहिला आकडा कबुलीचा, दुसरा ऐपतीचा. ऐपत म्हणजे रॅम अधिक डिस्कवरची पेजफाइल. घरात ४ जीबी आणि कबुली ७.६ जीबीची. कबूल केलेलं सगळं एकाच वेळी लागत नाही म्हणून गाडी चालते, पण वरचा आकडा खालच्याला टेकायला आला की "मेमरी लो आहे" असा निरोप येतो, किंवा निरोपही न येता प्रोग्राम बंद पडतो.

पेजफाइल म्हणजे घरातला माळा. रोजचं सामान खाली हाताशी, वर्षातून एकदा लागणारं वर. विंडोज रॅमची पानं पाडतो, एकेक पान ४ केबीचं. आमच्या धंद्यात पान म्हणजे ए-फोर, ही पानं त्यापुढे चिटोरी. ४ जीबीत अशी साडेदहा लाखांच्या आसपास पानं बसतात. बराच वेळ हात न लागलेलं पान आधी दाबून, घडी घालून रॅममध्येच ठेवलं जातं, तेच ते 'कॉम्प्रेस्ड'. तरी जागा पुरली नाही तर पान माळ्यावर जातं. प्रोग्रामला याचा पत्ता नसतो. आपलं सगळं सामान खालीच आहे असं त्याला वाटत राहतं. हे सोंग जुनं आहे, इंग्लंडात मँचेस्टरच्या अॅटलस कॉम्प्युटरनं १९६२ मध्येच ते वठवलं होतं.

अडचण माळ्याची नाही, शिडीची आहे. रॅममधून काही उचलायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो. लॅपटॉपमधली फिरती डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. डोकं योग्य जागी सरकणं आणि तबकडीचा तो भाग खाली येणं धरलं तर एक पान आणायला १५ मिलिसेकंद सहज जातात. आपल्या मापात सांगते. टेबलावरचा कागद उचलायला एक सेकंद लागत असेल, तर या माळ्यावरचा कागद आणायला पावणेदोन दिवस. साधी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपांची डिस्क, असेल तर सतरा-अठरा मिनिटं.

आता गुरुजींचं बघा. वर्डमध्ये ओळ लिहितात, क्रोमवर जाऊन एक तारीख बघतात, परत वर्डमध्ये येतात. गेल्यावर क्रोमची पानं खाली आणायची, त्यासाठी वर्डची वर टाकायची. परत आल्यावर उलटं. सीपीयू १४ टक्के, कारण तो बिचारा हात बांधून शिडीखाली उभा आहे. या अवस्थेला इंग्रजीत थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये यावर निबंध लिहिला. ते म्हणतात त्याचा मथितार्थ असा, की प्रत्येक प्रोग्रामचा त्या-त्या वेळचा एक चालता पसारा असतो. चालू कामांचे पसारे मिळून रॅममध्ये मावले तर सगळं सुरळीत. थोडेही मावेनासे झाले तर वेग हळूहळू कमी होत नाही, कड्यावरून पडल्यासारखा एकदम पडतो. मला हा शब्द ऐकला की आमची मळणी मशीन आठवते. पट्टा फिरतोय, धुरळा उडतोय, आवाज गावभर, आणि खाली पोत्यात दाणा पडत नाही.

खरंच माळ्यावर ये-जा चालू आहे का, हे रिसोर्स मॉनिटरमध्ये दिसतं. विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर तळाशी त्याची लिंक आहे, ११ मध्ये वरच्या तीन टिंबांत. त्यात 'मेमरी' उघडा आणि 'हार्ड फॉल्ट्स' हा रकाना बघा. नाव भीतीदायक आहे, पण बिघाड काही नाही. प्रोग्रामनं पान मागितलं, ते रॅममध्ये नव्हतं, डिस्कवरून आणावं लागलं, एवढाच अर्थ. नवा प्रोग्राम उघडताना आकडा उसळतो, तो उसळू द्या. पण तुम्ही नुसतं टाइप करत असताना सेकंदाला शेकड्यानं फॉल्ट चालूच राहिले, तर रॅम कमी पडतेय. आकडा शून्याजवळ आणि तरीही मशीन रडतंय, तर रॅम टाकून काही होणार नाही. दुकानदार काहीही सांगो.

आता उपाय. आधी फुकटचे.

टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' उघडा. मशीन सुरू होताना कोण कोण न बोलावता येऊन बसतं त्याची ती यादी. गुरुजींकडे चौदा जण होते: प्रिंटरच्या कंपनीचा मदतनीस, व्हिडिओ कॉलचे दोन प्रोग्राम, गेम विकणारा एक. अँटिव्हायरस आणि टचपॅड, साउंडचे सोडून बाकी सगळ्यांवर राइट क्लिक करून 'डिसेबल'. यानं प्रोग्राम उडत नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. दोघे एकाच दारात उभे राहून प्रत्येक फाइलची झडती घेतात.

क्रोमला त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर असतो. क्रोममध्ये असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा, कोणता टॅब किती खातोय ते दिसतं. क्रोम साधारणपणे वेगवेगळ्या साइटना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये बसवतो. त्यामुळे एक साइट पडली तर बाकीच्या वाचतात, पण प्रत्येकीचा संसार वेगळा म्हणून खर्च वाढतो. एकत्र कुटुंब मोडल्यावर चुली वाढतात तसं. सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' आहे, ते चालू करा. न बघितलेले टॅब तो झोपवतो, तुम्ही गेलात की पुन्हा लोड करतो. ऑनलाइन फॉर्म अर्धा भरून दुसरीकडे जाणाऱ्यांनी मात्र ती साइट त्यातल्या अपवादांच्या यादीत घालावी. मी एकदा एका मुलीचा फॉर्म असा दोनदा भरलाय.

मशीन रिस्टार्ट करा. "रोज बंद करतो की ताई!" बंद करणं आणि रिस्टार्ट करणं यात विंडोज ८ पासून फरक आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटर, साउंड असे भाग चालवणारे प्रोग्राम) डिस्कवर जसेच्या तसे लिहून झोपतो आणि सकाळी तेच उचलतो. एखादा ड्रायव्हर मेमरी गळत असेल तर ती गळतीही तशीच पुढं येते. टास्क मॅनेजरमध्ये 'सीपीयू'खाली 'अपटाइम' बघा. रोज बंद होणाऱ्या गुरुजींच्या मशीनचा अपटाइम २३ दिवस निघाला. 'रिस्टार्ट' दाबलं तरच सगळं पहिल्यापासून सुरू होतं. रिस्टार्टनंतर एक-दोन दिवसांत 'मेमरी'च्या पानावरचा 'नॉन-पेज्ड पूल' हा आकडा पुन्हा वाढत वाढत १ जीबीवर गेला, तर संशय ड्रायव्हरवर घ्या. ही पानं माळ्यावर जाऊच शकत नाहीत, म्हणून ती गळती सगळ्यात वाईट.

आणि काय करू नका तेही सांगते. 'रॅम क्लीनर' नावाचा प्रकार टाकू नका. तो करतो काय, तर सगळ्या प्रोग्रामांच्या हातातली पानं हिसकावतो. काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश. पुढच्या क्षणी प्रत्येक प्रोग्राम आपली पानं परत मागायला लागतो आणि मशीन आधीपेक्षा जड होतं. पाहुणे येणार म्हणून पसारा माळ्यावर कोंबणं आणि पाहुण्यांसमोरच शिडी लावणं.

दुसरं, पेजफाइल बंद करू नका. "आता १६ जीबी आहे, कशाला हवी" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पेजफाइल काढली की ऐपत फक्त रॅमपुरती राहते, आणि रॅममध्ये जागा दिसत असतानाही फोटोशॉप "मेमरी नाही" म्हणून पडतो, कारण कबुलीची हद्द संपलेली असते. 'ऑटोमॅटिकली मॅनेज' वर टिक असू द्या आणि सी ड्राइव्हमध्ये १५-२० जीबी मोकळे ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मशीनचं दुखणं एवढंच असतं. सी ड्राइव्ह लाल झालेला, पेजफाइलला वाढायला जागा नाही, आणि दोष रॅमला.

आता माझ्या घरचीच गोष्ट. दुकानात एक पोरगा कामाला आहे, हात चांगला आहे त्याचा. एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, दहा बाय वीस फूट. पोरगा म्हणाला, "मावशी, आपलं मशीन भंगार झालंय, फोटोशॉप हलतच नाही." माझं मशीन १६ जीबीचं. बघितलं तर पठ्ठ्यानं फाइल ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, घेतलेली, पत्रिकेच्या सवयीनं.

हिशेब करून दाखवला. दहा फूट म्हणजे १२० इंच, वीस फूट म्हणजे २४० इंच. ७२ डीपीआयला ८,६४० गुणिले १७,२८०, म्हणजे जवळजवळ पंधरा कोटी ठिपके. सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग, असेल तर ठिपक्याला चार बाईट, म्हणजे एका भरलेल्या लेयरला साधारण ६०० एमबी. हेच ३०० डीपीआयला केलं तर दोन्ही बाजू चार पटीहून जास्त वाढतात आणि एकूण सतरा पट होतं. एक लेयर १० जीबीच्या घरात. त्यात नेत्याचा फोटो, मागं वाघ, खाली चाळीस शुभेच्छुकांची मुंडकी. कुठलं मशीन हलेल? आणि रस्त्याच्या पलीकडून बघायच्या फ्लेक्सला ३०० डीपीआय हवाय कुणाला? आम्ही ७२ ला करतो, वीस फुटांवरून नेता तेवढाच तेजस्वी दिसतो. रॅमचा प्रश्न सुटला, एक रुपया खर्च न होता.

फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. त्याच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'परफॉर्मन्स'खाली तो रॅमचा किती हिस्सा घेणार ते ठरवता येतं, आपोआप तो साधारण ७० टक्के असतो. नुसता फोटोशॉप चालवत असाल तर ठीक. बाजूला कोरलड्रॉ आणि क्रोम असेल तर ५०-५५ वर आणा. हावरट पाहुण्याला एकदाच ताट वाढून द्यायचं.

आता एकाच वेळी अनेक कामं चालवण्याबद्दल, कारण 'हँग' या एका शब्दात लोक दोन वेगळी दुखणी घालतात. मी १९९५ मध्ये पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एका डीटीपी सेंटरवर काम शिकले. ४८६ मशीन, ८ एमबी रॅम, विंडोज ३.१, वर पानं मांडायचा पेजमेकर. पानाचं प्रूफ प्रिंटरला पाठवलं की वाळूचं घड्याळ यायचं आणि मशीन आपलं राहायचंच नाही. तेव्हा विंडोज प्रोग्रामांच्या सज्जनपणावर चालायचा. एकानं काम केलं, थांबला, "आता तुझी पाळी" म्हणाला, तर दुसऱ्याला मिळणार. ग्रामसभेत एखाद्यानं माइक धरला आणि सोडलाच नाही तर बाकीचे काय करणार? तसंच. एखादा अडकला तर सगळं गाव अडकलं. त्यात एकानं दुसऱ्याच्या मेमरीत पाय टाकला तर निळ्या पट्टीचा जीपीएफचा निरोप, आणि दोन तासांचं टायपिंग गेलं. दर पाच मिनिटांनी सेव्ह मारायची सवय मला तिथं लागली, ती अजून सुटली नाही.

विंडोज ९५ पासून नव्या ३२-बिट प्रोग्रामांसाठी अध्यक्ष आले, घंटा घेऊन. वेळ संपली की माइक काढून घेतात. जुने १६-बिट प्रोग्राम मात्र आपसात तसेच भांडत राहिले. खऱ्या अर्थानं प्रत्येकाचं घर वेगळं आणि भिंती पक्क्या, असं घरच्या मशीनवर आलं ते २००१ च्या एक्सपीनं. आज तुमच्या मशीनवर घड्याळाचा ठोका साधारणपणे सेकंदाला ६४ वेळा पडतो आणि अशा ठोक्यांच्या हिशेबानं पाळ्या फिरतात. ज्या खिडकीत तुम्ही काम करताय तिला पाळी जरा लांब मिळते.

म्हणून आज एक प्रोग्राम 'नॉट रिस्पॉन्डिंग' झाला आणि माउस हलतोय, दुसरी खिडकी उघडतेय, तर ते त्या प्रोग्रामचं दुखणं. लगेच 'एंड टास्क' मारू नका. टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या नावासमोर सीपीयू किंवा डिस्कचा आकडा हलतोय का बघा. हलत असेल तर तो कामात आहे. मोठी पीडीएफ बनताना कोरलड्रॉ दोन-तीन मिनिटं असा मेल्यासारखा पडून असतो. दोन्ही आकडे पाच मिनिटं शून्यावर असतील तर खुशाल मारा. आणि माउससुद्धा तुटक तुटक सरकतोय, तर ते अख्ख्या मशीनचं दुखणं, पुन्हा डिस्क आणि हार्ड फॉल्टकडे जा.

सीपीयूच १०० टक्के असेल, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ रेंडर होतोय आणि तुम्हाला बाजूला पत्रिका टाइप करायची आहे, तर 'डिटेल्स'मध्ये त्या व्हिडिओच्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून 'सेट प्रायॉरिटी', 'बिलो नॉर्मल' करा. लोक उलटं करतात, आपल्या कामाची प्रायॉरिटी वाढवतात. जडाला मागं सारायचं, हलक्याला पुढं ढकलायचं नाही. टायपिंगला सीपीयू लागतोच किती? तुम्ही दोन अक्षरांमध्ये जेवढे थांबता तेवढ्यात व्हिडिओची कितीतरी कामं होतात, त्यामुळे त्यालाही उशीर होत नाही. 'रिअलटाइम' या शब्दाला मात्र हात लावू नका. त्या प्रोग्रामनं ठाण मांडलं तर माउस आणि कीबोर्डलाही पाळी मिळेनाशी होते.

दोन आडवळणाच्या गोष्टी पटकन. मशीनमध्ये ८ जीबी टाकली आणि विंडोज ३२-बिट असेल, तर त्याला ३ ते ३.५ जीबीच वापरता येते. 'सेटिंग', 'सिस्टिम', 'अबाउट' मध्ये एका ओळीत दिसतं, रॅम घेण्याआधी बघा. आणि विंडोज ६४-बिट असला तरी जुन्या ३२-बिट प्रोग्रामला साधारणपणे २ जीबीचीच हद्द असते. पेजमेकरवर जुनी कामं अजून करणाऱ्यांनी ३२ जीबी टाकली तरी पेजमेकरला त्याचं सुख नाही. दुसरं, रॅम भरपूर मोकळी असताना एखाद्या प्रोग्रामची बटणं काळी पडणं, मेनू अर्धवट उघडणं असं झालं, तर 'डिटेल्स'मध्ये 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' हा रकाना, म्हणजे पडद्यावर चित्र काढायला प्रोग्राम घेतो त्या साधनांचा आकडा, चालू करून बघा. एका प्रोग्रामला ठरीव मर्यादा १०,००० ची. तिथं पोचला की तो असाच वेड्यासारखा वागतो. प्रोग्राम बंद करून उघडा, बस्स.

गुरुजींच्या मशीनचं फुकटातलं सगळं करून झालं तेव्हा कमिटेड ५.९ वर आलं. फरक पडला, पण ४ जीबीत ते मावत नव्हतंच. त्यांना रॅमही लागत होती आणि एसएसडीही. एकाच गोष्टीचे पैसे असतील तर काय, असं विचाराल, तर फिरती डिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपला मी आधी एसएसडी सांगते. शिडी चढणं टळत नसेल तर निदान शिडी लहान होते, आणि मशीन सुरू होण्यापासून सगळंच सुधारतं. आधीच एसएसडी असेल आणि हार्ड फॉल्ट चालूच असतील तर रॅम.

रॅम घेताना टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावरच 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं. 'वन ऑफ टू' असेल तर एक जागा मोकळी. पण यावर डोळे झाकून विश्वास नको, काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग मारून बसवलेली असते. मागचं झाकण उघडून डोळ्यानं बघा, मगच ऑर्डर द्या. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांची खाच वेगळ्या जागी असते, चुकीची बसतच नाही. खरी गोम डीडीआर-३ मध्ये. साधी १.५ व्होल्टची आणि 'एल' लिहिलेली १.३५ व्होल्टची, दोघींची खाच सारखीच. फक्त १.३५ वर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी बसते, पण मशीन सुरू होईलच असं नाही. मी एकदा अशी दोन तास घाम गाळून बसले होते. शक्य असेल तर एका ८ पेक्षा ४ आणि ४ अशी जोडी लावा, बोर्डावरचं ग्राफिक्स याच रॅममधून खातं आणि जोडीत दोन वाटांनी माल येतो.

बसवताना मशीन बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघत असेल तर काढलेली. एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावून अंगातली वीज सोडून द्या, आमच्याकडे हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होतं तीच. जुन्या रॅमच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, रबराचा चुरा झटकून टाका. रॅम तिरकी आत सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्‌ करून बसल्या पाहिजेत. एकच बसली तर नुसती बीप बीप ऐकत बसाल.

झाकण लावलं की लगेच घरी नेऊ नका. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' शोधा आणि रात्री लावून ठेवा. खराब रॅम स्लो करत नाही. ती फाइल बिघडवते, आणि ते महिन्यानं कळतं. गुरुजींची मी रात्री आठला लावली, शटर ओढलं. सकाळी गुरुजी माझ्या आधी पायरीवर येऊन बसले होते, पेनड्राइव्हमध्ये कुलवृत्तांत घेऊन.